पोरं, गळ आणि बुडालेली दरी

मुलांना घेऊन पहिला मुक्काम करायचा असेल तर तो किल्ल्यावर करू नका, पाण्याकाठी करा. किल्ला चढायला मोठ्यांना आवडतो. मुलांना वरून दिसणाऱ्या डोंगररांगांची नावं ऐकायची नसतात. त्यांना हातात काहीतरी हवं असतं. माझी मुलगी आठ वर्षांची असताना तिकोन्याच्या माथ्यावर पाच मिनिटं बसली आणि खाली पसरलेल्या पवनेच्या पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, तिकडे कधी जायचं?" त्या दिवसापासून आमच्या भटकंतीचा क्रम बदलला. चढण थोडी, बसणं जास्त, आणि बसायला कारण म्हणून गळ.

तिकोना आणि पवनेचा जलाशय ही जोडी मी पहिल्या खेपेसाठी सुचवतो. लोकलने कामशेतला उतरायचं, तिथून एसटी किंवा जीपने पवनानगर गाठायचं. जुनी माणसं अजूनही त्याला काळे कॉलनी म्हणतात. तिथून पुढे तिकोना पेठ. किल्ला सुमारे ३५०० फूट उंच असला तरी पायथाच बराच वर आहे, त्यामुळे सवयीचा माणूस तासाभरात माथ्यावर पोहोचतो. मुलांसाठी दुप्पट वेळ धरा. वाटेत चपेटदान मारुती आहे, चुन्याचा घाणा आहे, गुहा आहे. प्रत्येक ठिकाणी थांबणं होणारच आणि ते व्हायलाच हवं. शेवटच्या पायऱ्या उंच आणि अंगावर येणाऱ्या आहेत. तिथे एक मोठा माणूस पुढे, एक मागे, आणि उतरताना मुलाचं तोंड डोंगराकडे. उन्हं तापायच्या आत खाली या, कोणाच्या तरी घरी आधी सांगून ठेवलेली भाकरी-पिठलं खा, आणि तिसऱ्या प्रहरी पाण्याकडे निघा.

मोठ्या सॅक पेठेतच ठेवून किल्ला करायचा. पाण्यापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरच्या चालीत मात्र मुलांनी आपलं ओझं आपण उचलावं. वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत ठेवा. पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलो पुष्कळ झाले. त्यात त्याचं पाणी, स्वेटर, कानटोपी, टॉर्च, शिट्टी आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड. मुलगा भिजणार आहे हे धरूनच चाला.

आता पाण्याविषयी. इथे घाई करणार नाही.

पवना काय, पानशेत काय, मुळशी काय, आपण ज्यांना तळी म्हणतो ती धरणांमागे साठलेली पाणी आहेत. खाली गावं होती, शेतं होती, विहिरी होत्या, नदीचं पात्र होतं. उन्हाळ्यात पवनेचं पाणी ओसरलं की वाघेश्वराचं जुनं देऊळ उघडं पडतं. बाकीचं वर्ष ते पाण्याखालीच. मुलांना हे जरूर सांगा, कारण ते खरं आहे आणि ज्यांची घरं गेली त्यांची आठवण ठेवायला हवी. शिवाय काठावर कसं वागायचं हेही त्यातूनच कळतं. नैसर्गिक तळ्याचा उतार बऱ्याचदा संथ असतो. इथे गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट शेताच्या बांधावरून खाली, ओढ्याच्या घळीत किंवा जुन्या विहिरीत पडू शकतं. वरून काहीच दिसत नाही. पाणी हटल्यावर उघडा पडलेला गाळ वरून तडकलेला, टणक दिसतो आणि खाली लोण्यासारखा असतो. माझा पुतण्या अशाच पट्ट्यात मांडीपर्यंत रुतला होता. ओढून काढायला दोघांना दहा मिनिटं लागली आणि एक बूट कायमचा गेला. तेव्हापासून काठ निवडताना मी मुरूम किंवा खडक बघतो, पुढे काठी टोचत जातो, आणि गाळाच्या पट्ट्याला हात जोडतो.

आमचे नियम सांगतो. दहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या अंगावर लाइफ जॅकेट, पाण्यापासून वीस पावलांच्या आत असेपर्यंत. पोहता येत असलं तरी. पोहायला, डुंबायला कोणी उतरायचं नाही, मोठ्यांनीही नाही. एका वेळी एका मोठ्या माणसाकडे पाण्याचा पहारा: अर्धा तास, हातात फोन नाही, गप्पा नाहीत, डोळे फक्त मुलांवर. पाळी बदलताना तोंडाने सांगायचं, "आता तुझा पहारा." बुडणारं मूल ओरडत नाही, हातही हलवत नाही, ते शांतपणे खाली जातं. म्हणून कान नाही, डोळे हवेत. पाच लिटरचा रिकामा कॅन घट्ट झाकण लावून पंधरा मीटर दोरीला बांधून ठेवा. कोणी पडलं तर तो फेकायचा, मागोमाग उडी मारायची नाही. एकाला वाचवायला गेलेला दुसराही बुडाला, अशा बातम्या आपण दर वर्षी वाचतो.

धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात तंबू लावू नका, पाणी केव्हाही सोडलं जातं. आणि पावसाळ्यात हा बेत करूच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले.

गळाचं सामान थोडं असतं. मुलांना रीळवाला रॉड देऊ नये असं माझं ठाम मत आहे; त्यांचा सगळा वेळ गुंता सोडवण्यात जातो. सहा-सात फुटांची बांबूची काठी घ्या, टोकाला काठीएवढाच तंगूस बांधा, छोटा गळ, त्याच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा दाणा, आणि त्याच्या वर थर्माकोलचा तुकडा. झालं. तंगूस आखूड असल्यामुळे गळ भिरकावावा लागत नाही, नुसता पाण्यावर झुकवून सोडता येतो, आणि मागच्याच्या डोळ्याची भीती उरत नाही. तरीही टोपी आणि चष्मा असू द्या. घरून निघण्याआधी पकडीने गळाचा उलटा काटा दाबून सपाट करा. मासा थोडा सहज सुटेल, पण बोटात घुसलेला गळही तसाच सहज निघेल. गळ खोल गेला किंवा डोळ्याजवळ लागला तर काढायची खटपट न करता तसाच झाकून दवाखाना गाठा. विजेच्या तारांखाली काठी उभी धरायची नाही, हे मुलांकडून दोनदा म्हणवून घ्या.

आमिषाला गांडूळ उत्तम. किळस वाटत असेल तर कणीक. घट्ट मळा, त्यात शेंगदाण्याची पेंड घाला आणि चिमूटभर कापूस पिंजून मिसळा. कापसाच्या धाग्यांमुळे गोळी पाण्यात लगेच विरघळत नाही. ही युक्ती मला पवनेच्या काठावर एका आजोबांनी शिकवली. त्यांनी माझ्या मुलीला आणखी एक गोष्ट सांगितली: "सावली पाडू नगंस पाण्यात, बाळा. त्याला आभाळ हाललेलं कळतं." ती जी खाली बसली ती पाऊण तास उठली नाही. मी घरी तिला इतका वेळ एका जागी कधी पाहिलं नव्हतं.

पण गळ टाकण्याआधी विचारा. धरण सरकारचं म्हणून मासा बेवारस नसतो. जलाशयातली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असते. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज त्यांनी पैसे मोजून सोडलेलं असतं. गावात पोलीस पाटलांना किंवा जाळी वाळत घालणाऱ्या दादांना विचारलं की कोणाशी बोलायचं ते कळतं. मुक्कामाची परवानगीही तेव्हाच विचारून घ्या, कारण दुर्घटना झाल्या की काठावर जायला बंदी येते. मुलांसमोर विचारा. आपण पाहुणे आहोत हे त्यांना तेव्हाच समजतं. आणि काही पाणी अशी आहेत जिथे गळ बाहेर काढायचाच नाही. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे धरायचे नाहीत ही जुनी रीत आहे. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला रतनवाडीकडे जाल तर तो मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. तिथे काठी घरी ठेवा आणि अमृतेश्वराचं देऊळ बघा.

काठावर बसून मुलांच्या गळाला बहुतेक वेळा चिलापी लागते. बाहेरून आणलेली जात, आपल्या पाण्यात इतकी माजली आहे की दोन-चार काढल्याने काही बिघडत नाही. पाठीवरचे काटे टोचतात, म्हणून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत पर दाबून धरायची. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. गळ काढताना तोंडात बारीक दाणे दिसले तर मुलांना दाखवा आणि तिला सोडून द्या. मिशीवाला शिंगटा आला तर मुलांनी हात लावायचा नाही. त्याच्या काट्याची कळ भयंकर असते, लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात धरून बसावं लागतं. मोठ्या खवल्यांचा महसीर आला तर हात ओले करून, पाण्याबाहेर न रेंगाळता सोडायचा. हा मासा नद्यांमधून झपाट्याने कमी झाला. लोणावळ्याजवळ वळवणला त्याची पैदास करण्याचं काम टाटा पॉवर कित्येक दशकं करते आहे.

खायचा असेल तर मासा तडफडत ठेवू नका. डोक्यावर एक जोरदार फटका, तोही मोठ्याने मारायचा, आणि मुलांपासून लपवायचं नाही. माझ्या मुलीने पहिला मासा खाल्ला नाही. ती तव्याजवळ बसून रडली, मग भात-आमटी जेवली. आम्ही तिला समजावलं नाही. पुढच्या खेपेला तिने स्वतः मीठ-हळद लावली. ज्या घरात मासे खात नाहीत त्यांनी सोडून देण्यासाठीही धरू नये असं मला वाटतं. नुसता गळाशिवाय दोरा आणि कणकेची गोळी सोडली तरी मासे येऊन टोचतात, थर्माकोल नाचतो, आणि मुलांना तेवढं पुरतं.

शनिवारची रात्र टाळा. पवनेकाठी तेव्हा तंबूंच्या रांगा लागतात, गाणी मोठ्याने वाजतात आणि पहाटेपर्यंत झोप नाही. रविवारी दुपारी पोहोचा, सोमवारी शाळेची एक सुट्टी पडू द्या. तंबू पाण्याच्या खुणेपासून बराच वर, गवत कापलेल्या जागी. झोपायच्या आधी बूट आत घ्या, सकाळी ते उलटे झटका. अंधारात टॉर्चशिवाय एक पाऊलही नाही. घोणस आणि फुरसं दोन्ही या भागात आहेत. साप चावलाच तर चिरणं, आवळून बांधणं, चोखणं काही नाही. मुलाला हलू न देता उचला, १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा. जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे आणि काठावर फोनला रेंज कुठे मिळते हे आल्या आल्या शोधून ठेवायचं.

सकाळी साडेसहाला पाण्यावर धुकं असतं आणि मासे सगळ्यात जास्त तेव्हाच टोचतात. चहा थांबला तरी चालेल, मुलांना उठवा. नऊनंतर ऊन चढतं, मासे खाली जातात, आवरायला घ्या. तुटलेला तंगूस कितीही छोटा असो, मुलांनी तो शोधून डबीत भरायचा. पाणकावळ्याच्या पायात तो अडकलेला मी पाहिला आहे. आमच्याकडे ही डबी मुलीच्या ताब्यात असते. परतीच्या जीपमध्ये ती डबी उघडून तुकडे मोजते, आपले किती आणि दुसऱ्यांचे किती.