प्रश्नातून द्रव्यपरिचय : अशोकसालीचा एक पाठ

बी.ए.एम.एस.च्या वर्गात द्रव्यगुण शिकविताना आपण प्रथम रस, गुण, वीर्य, विपाक सांगतो व विद्यार्थी ते मुखोद्गत करतात. जिज्ञासाधिष्ठित अध्यापनात हा क्रम उलट असतो : आधी प्रश्न, मग शोध आणि त्यातून सिद्धांत.

अशोकाचे उदाहरण घेऊ. बाजारात अशोकसालीच्या नावाखाली आसुपालवाची, म्हणजे खोट्या अशोकाची, साल मिळते. अशोकाचे पान संयुक्त, तर आसुपालवाचे साधे व लहरी कडांचे. परंतु औषधालयात येते ती केवळ साल. म्हणून शिक्षकाने स्वतः खात्री केलेले दोन्ही नमुने नाव न सांगता द्यावेत व विचारावे, "रक्तप्रदराच्या रुग्णेसाठी अशोकारिष्ट यांपैकी कोणत्या सालीचे कराल? कशावरून?" मग विद्यार्थी कषाय रस पडताळतील, सूक्ष्मदर्शकाखाली छेद पाहतील, ग्रंथ उघडतील, परस्परांचे म्हणणे खोडून काढतील. शिक्षकाने उत्तराची घाई करू नये.

ही पद्धत आपणांस परकी नाही. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती ही चरकोक्त प्रमाणे येथे कामी येतात. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील तद्विद्यसंभाषाही हेच सांगते.

पनवेलची औषधनिर्मितीची परंपरा १८७२ साली स्थापन झालेल्या श्री धूतपापेश्वरपर्यंत मागे जाते. येथील औषधालयचालकांनी प्रमाणित व संशयित असे दोन्ही नमुने महाविद्यालयांस उपलब्ध करून द्यावेत, असे आम्ही सुचवितो. साल पारखण्यास शिकलेला विद्यार्थीच उद्या खरेदीच्या वेळी फसणार नाही आणि त्याचा रुग्णही फसणार नाही.