जुना भ्रमणध्वनी आणि नवी कार्यप्रणाली

चेन्नई शहरात अण्णा सालै या हमरस्त्याच्या लगत रिची स्ट्रीट नावाचा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा प्रसिद्ध बाजार आहे. भ्रमणध्वनीची फुटलेली काच तेथे बदलून मिळते, क्षीण झालेली बॅटरीही मिळते. परंतु अशा रीतीने दुरुस्त झालेले यंत्र पुष्कळदा 'जुने'च राहते. बँकेचे ॲप त्यावर चालत नाही आणि सुरक्षिततेच्या दुरुस्त्या येणे थांबलेले असते. हे वार्धक्य काचेत किंवा धातूत नसते; ते यंत्रातील आज्ञावलीत असते.

यंत्राचे सर्व भाग ज्या मूळ आज्ञावलीच्या नियंत्रणाखाली चालतात, तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिच्या केंद्रस्थानी 'कर्नल' हा गाभा असतो. अँड्रॉइड प्रणालीचा गाभा लिनक्स हा असून, त्याचा आरंभ 1991 साली झाला. गाभ्याला कॅमेरा, पडदा, ध्वनिक्षेपक यांच्याशी थेट बोलता येत नाही. त्यासाठी प्रत्येक भागाचा स्वतंत्र 'ड्रायव्हर' लागतो. जुन्या मद्रासेत इंग्रज व्यापारी आणि स्थानिक लोक यांच्यामध्ये 'दुबाश', म्हणजे दुभाषे, असत; ड्रायव्हरचे कार्य जवळजवळ तेच. अडचण अशी की, यांपैकी अनेक ड्रायव्हर चिप बनविणाऱ्या कंपनीच्या मालकीचे व बंदिस्त स्वरूपाचे असून ते गाभ्याच्या एका विशिष्ट आवृत्तीशीच जुळतात. कंपनीने लक्ष काढून घेतले की गाभा पुढे नेणे दुष्कर होते आणि सुस्थितीतील यंत्र निकालात निघते.

निर्माता निघून जातो आणि यंत्र मात्र मागे उरते, याचे उदाहरण चेन्नईजवळच आहे. श्रीपेरुंबुदूर येथे नोकिया कंपनीचा कारखाना 2006 साली सुरू झाला आणि नोव्हेंबर 2014 मध्ये तेथील उत्पादन थांबले. तेथे बनलेल्या साध्या भ्रमणध्वनींची आज्ञावली बंदिस्त होती. तीत बदल करण्यास वाव नव्हता. याच कंपनीच्या 2009 सालच्या एन९०० या यंत्राची गोष्ट वेगळी. त्याची कार्यप्रणाली लिनक्सवर आधारलेली असल्यामुळे निष्णात स्वयंसेवकांना पुढील काम करता आले. 2017 साली आरंभ झालेल्या पोस्टमार्केटओएस या प्रकल्पाने केवळ 256 मेगाबाइट स्मृतीच्या या यंत्रासाठीही आपली प्रणाली तयार केली. बंदिस्त ड्रायव्हरवर विसंबण्याऐवजी लिनक्सच्या मुख्य गाभ्यातच यंत्राचा आधार समाविष्ट करावयाचा, हे त्यामागील सूत्र होय. मार्ग कष्टाचा खरा, पण टिकाऊ.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. यंत्र सुरू होताच 'बूटलोडर' ही छोटी आज्ञावली प्रथम जागी होते आणि गाभ्यावरील निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी तपासून मगच त्यास चालू करते. परकी प्रणाली बसवावयाची तर हे कुलूप आधी उघडावे लागते. काही निर्माते तशी सोय देतात, काही देत नाहीत. न दिल्यास काम बहुधा तेथेच संपते. कुलूप उघडताना यंत्रातील छायाचित्रे, पत्ते, संदेश सारे पुसले जाते. हा दोष नव्हे. चोराने कुलूप उघडून मालकाचे खाजगी कागद वाचू नयेत म्हणून ती योजना आहे. म्हणून प्रथम सर्व माहितीची प्रत दुसरीकडे ठेवावी. यंत्राची ओळखसंख्या ज्या विभागात असते त्याचीही प्रत घेता येत असल्यास अवश्य घ्यावी; तो विभाग बिघडल्यास यंत्र चालते, पण दूरध्वनी म्हणून निरुपयोगी ठरते.

त्यानंतर संगणकास तारेने जोडून 'रिकव्हरी' ही साहाय्यक आज्ञावली आणि तिच्या द्वारे नवी प्रणाली चढवितात. प्रणालीची फाइल नेमक्या त्याच प्रतिमानाची असावी. नावे सारखी दिसली तरी आतील चिप निराळी असू शकते. उतरवून घेतलेल्या फाइलची पडताळणी-संख्या जुळवून पाहणे हे काम कंटाळवाणे आहे, आणि नेमके तेच बहुतेकजण टाळतात. बॅटरी पुरेशी भरलेली असावी. मध्येच वीज गेली आणि बूटलोडर शाबूत राहिला, तर पुन्हा प्रयत्न करता येतो. बूटलोडरच बिघडला, तर दुरुस्ती करणारे ज्यास 'डेड' म्हणतात ती अवस्था येते.

नव्या प्रणालीनेही सर्व प्रश्न सुटत नाहीत. दूरध्वनीचे संकेत सांभाळणाऱ्या मोडेमची आज्ञावली जुनीच राहते. कुलूप उघडे असलेले यंत्र हाती लागल्यास दुसरा कोणी त्यात स्वतःची आज्ञावली घालू शकतो, आणि याच कारणास्तव बँकांची काही ॲप अशा यंत्रावर चालण्यास नकार देतात. पैशाच्या व्यवहारासाठी असे यंत्र न वापरणे हेच शहाणपणाचे. वाचन, संगीत किंवा शाळेतील प्रयोग यांस मात्र ते उत्तम.

कार्यप्रणाली कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न चेन्नईत नव्या यंत्रांच्या बाबतीतही विचारला गेला. आयआयटी मद्रासच्या प्रवर्तक टेक्नॉलॉजीज या संस्थेच्या आश्रयाखालील एका कंपनीने तयार केलेली 'भारओएस' प्रणाली जानेवारी 2023 मध्ये जाहीर झाली. तीत कोणतेही ॲप आधीपासून लादलेले नसते. ती गोपनीयतेची कडक गरज असणाऱ्या संस्थांसाठी होती, जुन्या यंत्रांसाठी नव्हे. पण तिचा पाया अँड्रॉइडच्या ज्या खुल्या आज्ञावलीवर आहे, तीच घेऊन लिनिएजओएसचे स्वयंसेवक 2016 च्या अखेरीपासून निर्मात्यांनी सोडून दिलेल्या अनेक यंत्रांसाठी नव्या आवृत्त्या सिद्ध करीत आले आहेत.