जामीन राहिलेलीं राष्ट्रें



खेड्यांत दोघां शेजाऱ्यांचा बांधावरून तंटा लागतो. प्रश्न हातभर जमिनीचा असतो. दोघेच जर बसते तर तो दिवस मावळण्यापूर्वीं मिटता. परंतु एकाच्या पाठीशीं त्याची भावकी उभी राहते, दुसऱ्याच्या पाठीशीं त्याचे सोयरे येतात. मग बांध बाजूस राहतो व आपल्या माणसाचा अपमान झाला एवढीच गोष्ट उरते. राष्ट्रांचीं मोठीं युद्धें बहुधा याच रीतीनें पेटतात. या पाठांत आपण दोन उदाहरणें पाहूं; एक आपल्या भीमाकाठचें व दुसरें साऱ्या जगाचें.

१. वसईचा तह

शिक्रापुराहून नगरच्या दिशेनें गेलें असतां शिरूर लागतें व पुण्याच्या दिशेनें गेलें असतां कोरेगांव भीमा. या दोन्ही गांवांचीं नांवें इतिहासांत एका तहामुळें जोडलेलीं आहेत.

इ. स. १८०१ मध्यें दुसऱ्या बाजीराव पेशव्यानें विठोजी होळकरास पुण्यांत हत्तीच्या पायीं दिलें. तें शल्य विठोजीचा भाऊ यशवंतराव याच्या मनांत राहिलें. ता. २५ आक्टोबर १८०२ रोजीं हडपसरच्या लढाईंत त्यानें पेशवे व दौलतराव शिंदे यांच्या एकत्र फौजेचा मोड केला. पेशवा कोंकणांत पळाला, इंग्रजांच्या आश्रयानें वसईस पोहोंचला, आणि ता. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यानें कंपनीशीं तह केला. कंपनीचें सहा हजार पायदळ आपल्या राज्यांत कायम ठेवावें. त्याच्या खर्चासाठीं सालीना २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा. आणि कंपनीस विचारल्यावांचून दुसऱ्या सत्तेशीं बोलणें लावूं नये, अशीं त्यांत कलमें होतीं.

पेशव्यानें तह केला तो होळकराच्या भीतीनें. पण त्या तहाची भीति पडली ती शिंदे व नागपूरकर भोसले यांस. आज पुण्यांत आलेली फौज उद्यां आपल्या दारीं येईल असें त्यांस वाटलें व ते दोघे एक झाले. ते एक झालेले पाहून कंपनी सावध झाली. जो तो आपल्या रक्षणासाठींच जवळ मनुष्यें गोळा करीत होता, आणि प्रत्येकाचें रक्षण हेंच दुसऱ्याचें संकट झालें होतें. आगस्ट १८०३ मध्यें नगरचा किल्ला पडला, ता. २३ सप्टेंबर रोजीं असईची मोठी लढाई झाली. त्या युद्धांत पेशव्यांचे स्वार इंग्रजांच्या बाजूस उभे होते, म्हणजे शिंद्यांच्या धन्याचे शिपाई शिंद्यांवरच चालून गेले. यशवंतराव त्या वर्षीं दूर राहिला. पुढल्या वर्षीं त्याची पाळी आली तेव्हां शिंदे व भोसले आधींच तह करून बसले होते.

शास्त्रवाचकांस येथें आहाज राजाची आठवण होईल (२ राजे, अध्याय १६). शेजारच्या दोन राजांच्या भीतीनें त्यानें अश्शूराच्या राजास द्रव्य पाठवून बोलाविलें. जवळचें संकट टळलें, पण बोलाविलेला रक्षक धनी झाला. बाजीरावाचेंहि तसेंच झालें. तहाप्रमाणें आलेल्या फौजेची मोठी छावणी शिरूरास घोडनदीकाठीं पडली. पुढें पेशवा त्याच कंपनीशीं लढावयास उठला, तेव्हां ता. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं शिरूरच्याच छावणींतून कप्तान स्टाँटन पुण्याकडे निघाला व दुसऱ्या दिवशीं कोरेगांवास लढाई झाली. जून १८१८ मध्यें बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला.

२. देश कोणाचा?

कोरेगांवच्या स्तंभावर पडलेल्या शिपायांचीं नांवें आहेत. त्यांत २२ महार शिपायांचीं आहेत. ता. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभास भेट देण्यास आले होते. ज्या घरांस गांवानें वेशीबाहेर ठेविलें त्या घरांना हा दगड आपल्या शौर्याची साक्ष वाटतो, आणि तें योग्यच आहे. त्यांतून एक धडा निघतो. ज्यास पाणवठ्यावर जागा नाहीं त्यानें राज्यासाठीं कळवळावें, असें कोणत्या तोंडानें म्हणावें? देशप्रेम न्यायाच्या भूमींत उगवतें. जेथें न्याय नसतो तेथें त्याच्या जागीं अभिमान पेरला जातो, व अभिमानास वाढण्यासाठीं नेहमीं एक शत्रु लागतो.

३. सन १९१४

आतां मोठें उदाहरण पाहूं. जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी यांनीं १८७९ मध्यें करार केला. १८८२ मध्यें इटली त्यांस मिळाली. तें पाहून फ्रान्स व रशिया १८९४ पर्यंत एकत्र आले. इंग्लंडनें १९०४ मध्यें फ्रान्सशीं व १९०७ मध्यें रशियाशीं समेट केला. असे युरोपांत दोन तट पडले. त्यांत राष्ट्राभिमानाचें तेल होतें. १८७१ मध्यें गमावलेल्या प्रांतांचें दुःख फ्रान्सच्या मनांत होतें. जर्मनीला इंग्लंडच्या तोडीचें आरमार हवें होतें. आणि ऑस्ट्रियानें १९०८ मध्यें बोस्निया आपल्या राज्यास जोडल्यामुळें सर्बियाचे लोक जळत होते.

ता. २८ जून १९१४ रोजीं बोस्नियांतील साराजेव्हो शहरीं गाव्ह्रिलो प्रिन्सिप नामक १९ वर्षांच्या तरुणानें ऑस्ट्रियाचा युवराज व त्याची पत्नी यांस गोळ्या घातल्या. जर्मनीनें ऑस्ट्रियाला पूर्ण पाठिंब्याचें वचन दिलें. त्या वचनाच्या बळावर ऑस्ट्रियानें ता. २८ जुलै रोजीं सर्बियाशीं युद्ध पुकारलें. सर्बियाच्या कैवारानें रशियानें सैन्य जमविण्याचा हुकूम सोडला. म्हणून जर्मनीनें ता. १ आगस्ट रोजीं रशियाशीं व ता. ३ रोजीं फ्रान्सशीं युद्ध पुकारलें. फ्रान्सवर जाण्यासाठीं जर्मन फौज बेल्जममध्यें शिरली. त्या लहान देशाच्या रक्षणाचा १८३९ चा करार असल्यामुळें ता. ४ रोजीं इंग्लंडहि उतरलें. एका आठवड्यांत एका घराचें भांडण साऱ्या खंडाचें झालें. सैन्य हलविण्याचे बेत आगगाडीच्या वेळापत्रकासारखे आधींच आखलेले होते. म्हणून थांबून विचार करण्यास कोणी तयार नव्हता.

हिंदुस्थानास तर कोणीं विचारलेंहि नाहीं. त्याच्या लष्करांतील सुमारें ७४ हजार मनुष्यें त्या युद्धांत मेलीं. तुर्कस्थान जर्मनीच्या बाजूस गेलें, म्हणून सहावी पुणे डिव्हिजन इराकांत पाठविण्यांत आली. तींत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. उत्पत्तीच्या पुस्तकांत जिला हिद्दकेल म्हटलें आहे त्या नदीच्या कांठीं, कुत येथें, या फौजेस डिसेंबर १९१५ मध्यें वेढा पडला. घोडीं मारून खाण्याची वेळ आली, व ता. २९ एप्रिल १९१६ रोजीं तिला शरण जावें लागलें. कैदेंत हजारों मेले. ज्या शिपायानें साराजेव्होचें नांव कधीं ऐकलें नव्हतें, त्याची आई इकडे पत्राची वाट पाहत बसली.

इकडे नगरास जर्मन नागरिकांना स्थानबद्ध करून ठेविलें होतें. त्यांत कांहीं मिशनरीहि होते. एकाच प्रभूचे सेवक राष्ट्राच्या नांवानें एकमेकांचे शत्रु ठरले. मंडळीनेंहि हें विसरूं नये.

४. बोध

तह करणें हें पाप नव्हे. दुर्बळाच्या पाठीशीं उभें राहणें हें कर्तव्य आहे. परंतु जामीन राहणारा मनुष्य आपली विचारशक्ति ऋणकोच्या हातीं देतो. पुढें ऋणको उधळ्या निघाला तरी घर जामिनाचें जातें. नीतिसूत्रकारानें जामिनाविषयीं इशारा दिला आहे तो राष्ट्रांसहि लागू पडतो. तरी तहानें हात बांधले होते हें म्हणणें पुरतें खरें नाहीं. इटलीनें १९१४ मध्यें आपल्या मित्रांबरोबर जाण्याचें नाकारलें, आणि १९१५ मध्यें ती उलट बाजूस मिळाली. म्हणजे थांबण्यास जागा होती. थांबणाऱ्यास भित्रा म्हणतील हीच भीति अधिक होती.

तेव्हां गांवांत तंटा लागला व कोणी आपल्यास पाठीशीं उभें राहण्यास बोलाविलें, तर प्रथम बांध पाहून यावा, आणि मग कोणाचा पक्ष घ्यावा तें ठरवावें.

वर्गासाठीं प्रश्न:
(१) वसईच्या तहानें कोणाची भीति गेली व कोणास नवी भीति लागली?
(२) आहाज व बाजीराव यांच्या करणींत साम्य कोणतें?
(३) देशप्रेम व राष्ट्राभिमान यांत भेद कसा ओळखावा?
(४) आपल्या गांवांतील कोणता तंटा पाठीराख्यांमुळें वाढला? तो मिटविण्यास मंडळीनें काय करावें?