दरांची वही

प्रस्तावना

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत भनपुरी ही वसाहत आहे. लोखंडाचे कारखाने, गोदामे आणि मालवाहू ट्रकांची वर्दळ ही तिची ओळख. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात पोचली आणि पुढे मध्य प्रांताच्या काळात नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे रायपूर परिसरात स्थिरावली. १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू करणारे माधवराव सप्रे मराठी भाषकच होते. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद त्यांनी केला. घरात मराठी, बाजारात हिंदी व छत्तीसगढी आणि उच्च शिक्षणाच्या परीक्षेत इंग्रजी, असा अनेक भाषांमधला प्रवास येथील विद्यार्थ्यांना नवा नाही.

प्रस्तुत पाठात अशाच एका विद्यार्थिनीच्या अर्जाची तयारी वर्णन केली आहे. ती विद्यार्थिनी कल्पित आहे. तिच्यासमोरील अडचणी मात्र अनेकांच्या परिचयाच्या आहेत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• वित्तीय गणित या विषयाचे स्वरूप सोप्या उदाहरणाने सांगता येईल;
• पदव्युत्तर प्रवेशासाठी लागणारी तयारी क्रमाने मांडता येईल;
• उद्देशपत्रातील मोघम आणि नेमकी विधाने यांतील फरक ओळखता येईल;
• स्वतःच्या अनुभवावर आधारित उद्देशपत्र लिहिता येईल.

१. मूलपाठ

१.१ वहीतील प्रश्न

वडिलांच्या आजारपणामुळे दहावीनंतर तिची शाळा सुटली. भनपुरीतील एका लोखंडविक्रेत्याच्या कार्यालयात तिला काम मिळाले. दररोज सकाळी सळईचा प्रतिटन दर विचारायचा आणि तो जाड पुठ्ठ्याच्या वहीत तारखेपुढे लिहायचा, हे तिचे पहिले काम. अशी सहा वर्षे गेली. त्यांपैकी अखेरच्या दोन वर्षांत तिने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून गणित विषय घेऊन बारावीची परीक्षा दिली. पुढे अर्धवेळ काम सांभाळून ती पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयातून बीएस्सी झाली.

कार्यालयात येणारे ठेकेदार पुष्कळदा एक मागणी करीत : “माल महिन्याभराने उचलू, पण दर आजच बांधून द्या. दर उतरला, तर मात्र आम्ही बाजारातून घेऊ.” मालक अंदाजाने हो म्हणत. कधी त्यात फायदा होई, कधी तोटा. एका पावसाळ्यात दर एकाएकी चढला. मालकांनी शब्द पाळला. पण त्या महिन्यात हमालांची मजुरी दहा दिवस उशिरा झाली. तो तोटा तिने स्वतःच्या हाताने वहीत लिहिला. तेव्हापासून एक प्रश्न तिच्या मनात राहिला : दर बांधून देण्याच्या शब्दाची स्वतःचीच काही किंमत असते का? असल्यास ती किती?

१.२ शब्दाची किंमत

हा प्रश्न वित्तीय गणिताच्या केंद्रस्थानी आहे. ठेकेदाराला जे हवे आहे, त्याला शास्त्रीय भाषेत ‘विकल्प’ म्हणतात : ठरलेल्या दराने खरेदी करण्याचा हक्क; बंधन मात्र नाही.

सोयीसाठी काही आकडे घेऊ. आज सळईचा दर प्रतिटन ५०,००० रुपये आहे. महिन्याभराने तो एक तर ६०,००० होईल किंवा ४५,०००. तिसरी शक्यता नाही. ठेकेदाराला ५४,००० रुपयांना एक टन घेण्याचा हक्क हवा आहे. व्याज, साठवणूक व वाहतूक यांचा खर्च शून्य मानू.

दर चढल्यास या हक्काचे मोल ६,००० रुपये होईल; दर उतरल्यास शून्य. दोन्ही शक्यता समसमान धरून कोणीही म्हणेल, की हक्काची किंमत ३,००० रुपये असावी. हे उत्तर चुकीचे आहे.

विक्रेत्याने ठेकेदाराकडून २,००० रुपये घ्यावेत, १८,००० रुपये उसने आणावेत आणि या २०,००० रुपयांत आजच ०.४ टन सळई विकत घ्यावी. दर ६०,००० झाला, तर त्या सळईचे २४,००० रुपये येतील. उसने १८,००० फेडून ६,००० उरतील, आणि नेमके तेवढेच ठेकेदाराला द्यावे लागतील. दर ४५,००० झाला, तर सळईचे १८,००० येतील. उसने फिटेल आणि ठेकेदाराला काहीच द्यावे लागणार नाही. दोन्ही परिस्थितींत विक्रेत्याला ना नफा ना तोटा. म्हणून हक्काची योग्य किंमत २,००० रुपये होय. विक्रेत्याला ३,००० रुपये मिळाले, तर १,००० रुपये कोणतीही जोखीम न घेता त्याच्या पदरात पडतील.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दर चढण्याची शक्यता किती, हे या हिशेबात कोठेच विचारावे लागले नाही. भविष्य वर्तवणे हे वित्तीय गणिताचे काम नसून जोखमीची योग्य किंमत ठरवणे आणि ती जोखीम आटोक्यात ठेवणे हे त्याचे काम आहे.

पाठगत प्रश्न १
(अ) विकल्पात हक्क कोणाला मिळतो आणि बंधन कोणावर येते?
(आ) वरील उदाहरणात ठेकेदाराला ५१,००० रुपयांना घेण्याचा हक्क हवा असेल, तर त्याची किंमत किती होईल?

१.३ विषयाची वाटचाल

फ्रेंच गणितज्ञ लुई बॅशेलिए याने २९ मार्च १९०० रोजी पॅरिस येथे सट्ट्याच्या सिद्धान्तावरील प्रबंध सादर केला. बाजारातील चढउतारांना त्याने संभाव्यतेची भाषा दिली. पुढे फिशर ब्लॅक व मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांनी १९७३ मध्ये विकल्पाच्या किमतीची सूत्रे मांडली. शोल्स व मर्टन यांना १९९७ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ब्लॅक १९९५ मध्येच निवर्तले होते. वरील उदाहरणातील सोपी पद्धत कॉक्स, रॉस व रुबिनस्टाइन यांनी १९७९ मध्ये विस्ताराने मांडली. भारतातही या शाखेच्या पायाभूत गणितावर काम झाले आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेत शिकलेले आणि पुढे चेन्नई गणित संस्थेचे संचालक झालेले राजीव करंदीकर यांनी बी. व्ही. राव यांच्यासह लिहिलेला यादृच्छिक कलनावरील ग्रंथ २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

या विद्येच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. शोल्स व मर्टन ज्या गुंतवणूक संस्थेत भागीदार होते, तीच संस्था १९९८ मध्ये कोसळण्याच्या बेतात आली; कारण बाजार प्रतिमानातल्याप्रमाणे वागला नाही. भारतात शेअर निर्देशांकावरील वायदे व्यवहार २००० साली सुरू झाले. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजारातील वायदे व विकल्प व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के जणांना तोटा झाला. झटपट पैसा मिळवण्याची युक्ती म्हणून या विषयाकडे पाहणाऱ्याने हा आकडा विसरू नये.

१.४ अर्जाची तयारी

कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, संभाव्यता व सांख्यिकी, विकलक समीकरणे आणि संगणकावर आज्ञावली लिहिण्याचा सराव ही या विषयाची पूर्वतयारी होय. भारतात त्याकडे जाण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. गणित किंवा सांख्यिकी विषयात एमएस्सी करून पुढे वित्तीय गणिताकडे वळता येते. मुंबई, कानपूर यांसारख्या आयआयटींतील आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या भिलाईच्या आयआयटीतील एमएस्सीसाठी ‘जॅम’ ही संयुक्त प्रवेशपरीक्षा असते. ही परीक्षा तीन तासांची व १०० गुणांची असून तिचे माध्यम इंग्रजी आहे. तिला वयाची अट नाही. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था लेखी परीक्षा व मुलाखत घेऊन प्रवेश देते. १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वित्तीय अर्थशास्त्राचा एमएस्सी अभ्यासक्रम आहे. विमागणिताच्या व्यावसायिक परीक्षा ही आणखी एक वाट. परदेशात अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९४ मध्ये संगणकीय वित्ताचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. तेथील खर्च मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असतो. अभ्यासक्रम, शुल्क व विद्यावेतन यांचे नियम बदलत असल्याने त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचणे आवश्यक आहे.

तिने चार गोष्टींची यादी केली : सर्व गुणपत्रके व स्थलांतर प्रमाणपत्र, प्रवेशपरीक्षेचा अर्ज, शिफारसपत्रे आणि उद्देशपत्र. प्रत्येक संस्था या चारही गोष्टी मागते असे नाही. शिफारशीसाठी तिला एका प्रतिष्ठित व्यक्तीचे नाव सुचवण्यात आले. तिने मात्र संभाव्यता शिकवणाऱ्या प्राध्यापकांनाच विनंती केली. कारण तिचे काम त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते.

सर्वांत अवघड प्रश्न अर्जात नव्हता. आईने तो विचारला : “दोन वर्षं पगार नाही. हा हिशेब तुझ्या वहीत मांडलास का, पोरी?”

तिने तो मांडला. दरमहा १२,००० रुपये याप्रमाणे चोवीस महिन्यांचे २,८८,००० रुपये. शिवाय वसतिगृह व प्रवास. समोरच्या पानावर लिहिण्यासारखा आकडा तिच्याकडे नव्हता, कारण प्रवेश, नोकरी, पगार यांपैकी काहीच निश्चित नव्हते. गणिताने निर्णय दिला नाही. पण कोणता तोटा कुटुंबाला पेलवेल आणि कोणता पेलवणार नाही, हे स्पष्ट केले. धाकट्या भावाचे आयटीआयचे शिक्षण पूर्ण होण्यास एक वर्ष होते. म्हणून परदेशाचा विचार तिने बाजूला ठेवला, एक वर्ष अभ्यास व बचत करून देशातील संस्थांकडेच अर्ज करायचे ठरवले. आईने होकार दिला.

१.५ उद्देशपत्र

उद्देशपत्र म्हणजे ‘हा विषय मला का शिकायचा आहे आणि त्यासाठी मी कितपत तयार आहे’ या प्रश्नाचे लेखी उत्तर. तिने ते आधी मराठीत लिहिले. पहिला मसुदा असा होता :

‘लहानपणापासूनच मला गणिताची नितांत आवड आहे. देशाच्या आर्थिक विकासात मोलाचे योगदान देण्याचे माझे स्वप्न आहे. आपली संस्था अत्यंत नामांकित आहे. मला संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन.’

प्राध्यापकांनी मसुद्याखाली एवढेच लिहिले : ‘हे पत्र कोणाचेही असू शकते. मधल्या सहा वर्षांचे काय?’

ती सहा वर्षे तिने जाणूनबुजून गाळली होती. शिक्षणातील खंड हा दोष समजला जाईल, अशी तिला भीती वाटत होती. ती घरी आली आणि मालकांच्या परवानगीने आणलेली जुनी वही उघडून बसली. दुसरा मसुदा असा झाला :

‘दहावीनंतर वडिलांच्या आजारपणामुळे मी शाळा सोडली आणि सहा वर्षे भनपुरीतील एका लोखंडविक्रेत्याकडे सळईच्या दरांची नोंद ठेवली. एका पावसाळ्यात आगाऊ बांधून दिलेल्या दरामुळे तोटा झाला. त्या शब्दाची किंमत किती घ्यायला हवी होती, हे मला तेव्हा सांगता आले नाही. बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षी मी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या. दर एकदा जोराने हलू लागला, की पुढे काही आठवडे हलत राहतो आणि शांत झाला, की बराच काळ शांत राहतो, असे मला आढळले. मी शिकलेल्या सोप्या प्रतिमानात चढउतारांचा जोर कायम एकसारखा मानलेला असतो. हा फरक गणिताने कसा मांडावा, हे मला शिकायचे आहे. वास्तव विश्लेषण या विषयात माझे गुण कमी आहेत. त्या विषयाचा अभ्यास मी पुन्हा सुरुवातीपासून करीत आहे.’

या मसुद्यात ‘आवड’ हा शब्द एकदाही आला नाही. तरीही ती दिसते. जो काळ लपवायचा होता, तोच पत्राचा आधार ठरला. उणीवही तिने लपवली नाही. ती भरून काढण्याचा उपाय तिच्याबरोबरच सांगितला. इंग्रजीत भाषांतर करतानाही तिला शब्द शोधत बसावे लागले नाही, कारण काय सांगायचे ते ठरले होते.

ठरलेल्या वर्षी अर्ज रवाना झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी तिने सळईचा दर विचारला आणि वहीत तारखेपुढे लिहिला.

पाठगत प्रश्न २
(अ) पहिल्या मसुद्यातील कोणतीही दोन मोघम विधाने लिहा.
(आ) तिने शिफारसपत्रासाठी प्रतिष्ठित व्यक्तीऐवजी प्राध्यापकांची निवड का केली?

आपण काय शिकलात

• वित्तीय गणित भविष्य सांगत नाही. ते जोखमीची किंमत ठरवते.
• प्रतिमान उपयुक्त असते, परंतु त्याची गृहीतके तपासावी लागतात.
• अर्ज करण्यापूर्वी खर्च, काळ व कुटुंबाची परिस्थिती यांचा लेखी हिशेब मांडावा.
• उद्देशपत्रात विशेषणांपेक्षा घटना, निरीक्षण आणि प्रश्न यांना महत्त्व असते.

शब्दार्थ

मोघम – अस्पष्ट, ढोबळ
प्रतिमान – प्रत्यक्ष परिस्थितीची गणिताने केलेली सोपी मांडणी
यादृच्छिक – योगायोगावर अवलंबून असलेले
गृहीतक – आधीच मान्य करून घेतलेली गोष्ट
खंड – मध्येच पडलेले अंतर

पाठान्त प्रश्न

१. ‘जो काळ लपवायचा होता, तोच पत्राचा आधार ठरला’ या विधानाचे स्पष्टीकरण पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. आईचा प्रश्न तुम्हांला योग्य वाटतो का? सकारण लिहा.
३. तुमच्या कामातील एखादा न सुटलेला प्रश्न निवडा आणि त्यावर आधारित सुमारे १५० शब्दांचे उद्देशपत्र लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) हक्क घेणाऱ्याला मिळतो. बंधन देणाऱ्यावर येते. (आ) ३,००० रुपये. (दर चढल्यास मोल ९,००० रुपये, म्हणून ०.६ टन सळई ३०,००० रुपयांना घ्यावी लागेल. त्यासाठी २७,००० रुपये उसने घेता येतील.)
२. (अ) ‘गणिताची नितांत आवड आहे’. ‘मोलाचे योगदान देण्याचे माझे स्वप्न आहे’. (आ) प्राध्यापकांनी तिचे काम प्रत्यक्ष पाहिले होते.