काळपुळीचे निदान व वाळविलेले रक्त

जनावर एकाएकी मरून नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त वाहिल्यास काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संशय घ्यावा. कातड्याच्या चार पैशांसाठी शव सोलू अगर फाडू नये. हवा लागताच जंतूंचे बीजाणू बनून ते जमिनीत कित्येक वर्षे टिकतात. हा रोग माणसासही होतो. पशुवैद्यकास त्वरित कळवावे. तो कानाच्या शिरेतील थेंबभर रक्त काचपट्टीवर पातळ पसरून वाळवितो. ओले रक्त वाटेत कुजते. वाळलेल्या रक्तातील जंतू मात्र प्रयोगशाळेत रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. वाळलेला नमुनाही संसर्गकारक असल्याने नीट बंद करूनच पाठवावा. शव किमान ६ फूट खोल पुरावे व निरोगी जनावरांस लस टोचून घ्यावी.