पाणी जाते कुठे?

स्प्लॅश पॅड म्हणजे जमिनीत बसवलेल्या नळ्यांतून, रंगीत कमानींतून आणि डोक्यावर कलंडणाऱ्या बादल्यांतून पाणी उडवणारे, परंतु कोठेही पाणी साचू न देणारे मुलांचे खेळण्याचे पटांगण होय. पोहण्याच्या तलावासारखी खोली त्याला नसते, बहुतेक ठिकाणी जीवरक्षक नेमलेला नसतो, नगरपालिकेच्या उद्यानांत प्रवेशशुल्क सहसा नसते, आणि पुष्कळ ठिकाणी कडेच्या खांबावर हात ठेवला की ठरावीक मिनिटे फवारे चालू राहतात. टेक्सासमधील डॅलस–फोर्ट वर्थ परिसरात २०११ साली ७१ दिवस पारा १०० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे जवळपास ३८ अंश सेल्सिअसवर, पोहोचला किंवा त्याच्याही वर गेला. अशा उन्हाळ्यात तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभर घरात कोंडून ठेवावे लागणाऱ्या कुटुंबाला असे पटांगण वरदान वाटले तर नवल नाही. या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत उन्हाळ्यात नातवंडे सांभाळण्यासाठी भारतातून आलेले आजी-आजोबा असतात, आणि सकाळी मुलांना स्प्लॅश पॅडवर नेण्याचे काम बहुधा त्यांच्याच वाट्याला येते. बुडण्याची भीती नाही म्हणजे कसलीच भीती नाही, असा समज या वडीलधाऱ्यांचा सहज होतो. प्रस्तुत लेखिकेचाही तो झाला होता, आणि त्याची किंमत तिच्या नातवाने व बहुधा इतरांच्या मुलांनीही मोजली, म्हणून हे विवेचन.

स्प्लॅश पॅडविषयी विचारण्याचा पहिला प्रश्न पाणी किती उंच उडते किंवा सावली आहे की नाही हा नसून, मुलांच्या अंगावरून वाहून गेलेले पाणी पुढे कुठे जाते हा आहे. रचनेच्या दृष्टीने या पटांगणांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात शहराच्या नळाचे पिण्यायोग्य पाणी एकदाच वापरले जाते आणि जमिनीतील जाळीतून गटारात किंवा बागेच्या सिंचनाकडे सोडून दिले जाते. दुसऱ्या प्रकारात तेच पाणी जमिनीखालच्या टाकीत गोळा होते, गाळणीतून जाते, त्यात क्लोरीन मिसळले जाते आणि ते पुन्हा फवाऱ्यांतून मुलांच्या डोक्यावर पडते. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्हींत पाणी स्वच्छ, थंड आणि खळाळते असते. परंतु दुसऱ्या प्रकारात एका मुलाच्या लंगोटातून धुऊन निघालेले दुसऱ्या मुलाच्या तोंडात जाण्याचा मार्ग बांधणीतच तयार असतो, आणि तो रोखून धरण्याची सारी भिस्त गाळणी, औषध व नियमित तपासणी यांवर असते. ज्यांनी २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागल्याचे पाहिले आहे, त्यांना पहिल्या प्रकारातील उधळपट्टी सोसवणार नाही, आणि ही अस्वस्थता रास्तच आहे. तरीसुद्धा लंगोटातल्या मुलांसाठी निवड करायची झाल्यास एकदाच वापरले जाणारे पाणी, तेही पुढे झाडांकडे वळवलेले, हाच पर्याय लेखिकेच्या मते श्रेष्ठ ठरतो.

पुन्हा फिरवलेल्या पाण्यातील मुख्य धोका क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचा, म्हणजे दुसऱ्याच्या आतड्यात राहून वाढणाऱ्या सूक्ष्म जीवाचा, आहे. रोग्याच्या विष्ठेतून तो जाड कवचाच्या बीजकोशांच्या रूपाने बाहेर पडतो. हे कोश मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढे असल्याने वाळूच्या नेहमीच्या गाळणीतून बऱ्याच अंशी निसटतात, आणि जे क्लोरीन बहुतेक जिवाणूंना काही मिनिटांत मारते त्याला दाद न देता नीट औषध घातलेल्या पाण्यातही सात दिवसांहून अधिक तग धरतात. आजार होण्यास असे दहा-वीस कोशही पुरे पडू शकतात. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या नळाच्या पाण्यात हा परजीवी शिरला तेव्हा अंदाजे ४,०३,००० लोकांना त्याची बाधा झाली, यावरून त्याच्या चिवटपणाची कल्पना यावी. स्प्लॅश पॅडच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी की, पाणी तुषारांच्या रूपाने हवेत आणि उन्हात उडत असल्यामुळे त्यातील क्लोरीन साचलेल्या तलावातल्यापेक्षा लवकर उडून जाते आणि ते पुरेशा प्रमाणात टिकवणे कठीण होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने संकलित केलेल्या माहितीनुसार १९९७ ते २०२२ या काळात स्प्लॅश पॅडशी निगडित ६० साथींची नोंद झाली, त्यांत १०,६११ जण आजारी पडले, आणि त्यांपैकी सुमारे नऊ-दशांश रुग्ण एकट्या क्रिप्टोस्पोरिडियमच्या साथींतील होते. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सेनेका लेक येथील उद्यानात हजारोंना अशी बाधा झाल्यावर त्या राज्याने फवाऱ्यांच्या पटांगणांसाठी स्वतंत्र नियम केले आणि पाण्यावर अतिनील किरणांची प्रक्रिया करण्यावर भर दिला, कारण क्लोरीनला न जुमानणारा हा जीव या किरणांपुढे निष्प्रभ होतो. मात्र असे नियम सर्वत्र सारखे नाहीत. साचलेले पाणीच नसल्याने काही ठिकाणी ही पटांगणे जलतरण तलावांच्या नियमांतून निसटतात.

लेखिकेच्या कुटुंबात जे घडले ते या पार्श्वभूमीवर समजून घेणे सोपे जाते, जरी घडत असताना ते अजिबात समजले नव्हते. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या या आजीने साडेतीन वर्षांच्या नातवाला जूनमध्ये जवळच्या उद्यानातील स्प्लॅश पॅडवर नेण्यास सुरुवात केली, आणि इतर मुलांप्रमाणे तोही फवाऱ्याला तोंड लावून पाणी पीत असे, त्याकडे कौतुकाने पाहण्यापलीकडे तिने काही केले नाही. सुमारे आठवड्याने त्याला पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, पोटात कळा येऊ लागल्या, बारीक ताप आला. या आजाराची लक्षणे संसर्गानंतर दोन ते दहा दिवसांनी, बहुधा सातव्या दिवसाच्या आसपास, दिसू लागतात, आणि त्यामुळेच खेळणे व आजारपण यांतला संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. घरात दोष आदल्या दिवशीच्या आंब्याला देण्यात आला. ताक, मऊ भात आणि डाळिंबाचा रस यांवर चौथ्या दिवशी जुलाब थांबले, मुलगा हट्ट करू लागला, आणि दोन दिवस पोट ठीक आहे असे पाहून आजीने त्याला स्विम डायपर घालून पुन्हा त्याच पटांगणावर नेले. तिसऱ्या दिवशी जुलाब पुन्हा उलटले. क्रिप्टोस्पोरिडियमचा हा स्वभावच आहे: तो ओसरल्यासारखा वाटतो आणि परत येतो, आणि मधल्या बऱ्या वाटणाऱ्या दिवसांतही, किंबहुना पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही काही काळ, बीजकोश विष्ठेतून बाहेर पडतच राहतात. डॉक्टरांनी विष्ठेची तपासणी करवली तेव्हा निदान झाले. तोवर त्याच्यासोबत खेळणारी आणखी तीन मुले आजारी पडली होती. कोणाकडून कोणाला लागण झाली हे सिद्ध करता येत नाही. परंतु नातवाला पुन्हा नेण्याचा तो निर्णय आजीचा होता, आणि त्याची बोच अजूनही कमी झालेली नाही.

यातून निघणारा सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, मुलाला जुलाब होत असतील तर त्याला कोणत्याही सामाईक पाण्यात नेऊ नये, आणि क्रिप्टोस्पोरिडियमचे निदान झाले असल्यास जुलाब पूर्ण थांबल्यानंतरही दोन आठवडे नेऊ नये. स्विम डायपर घट्ट मल काही काळ धरून ठेवते, पातळ जुलाब मात्र धरत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर आजारी मुलाला फवाऱ्यात सोडणे चुकीचे आहे. निरोगी मुलाचे लंगोटही दर अर्ध्या-पाऊण तासाने तपासून ते पाण्यापासून दूर, स्वच्छतागृहात बदलावे. हात धुण्यासाठी साबण व वाहते पाणीच वापरावे, कारण अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर या कोशांवर परिणामकारक नाही. घरातील उपायांत ताक-भाताला स्थान असले तरी पाण्यासारख्या जुलाबांत लहान मुलाच्या शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने घटतात, म्हणून जलसंजीवनी घोटाघोटाने देत राहावी आणि लघवी कमी होणे, डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे किंवा मूल मलूल पडणे यांपैकी काहीही दिसताच वाट पाहत बसू नये. डॉक्टरांना स्प्लॅश पॅडचा उल्लेख आवर्जून करावा, कारण विष्ठेच्या नेहमीच्या तपासणीत हा परजीवी शोधला जातोच असे नाही. त्याची चाचणी वेगळी सांगावी लागते. सोबत खेळणाऱ्या मुलांच्या घरी फोन करून कळवणे हे संकोचाचे काम आहे, आणि तरीही ते करावेच. लेखिकेच्या मुलीने ते केले तेव्हा एका आईने नुकताच आपल्या मुलाचा वाढदिवस त्याच पटांगणावर ठरवला होता; तो तिने लगेच घरी हलवला.

दुसरा धोका विरळ पण भयंकर आहे. नेग्लेरिया फाउलेरी हा कोमट गोड्या पाण्यात राहणारा अमीबा नाकातून वर चढून मेंदूपर्यंत पोहोचला तर जवळजवळ नेहमीच मृत्यू ओढवतो. पोटात गेलेल्या पाण्यातून मात्र तो बाधत नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये डॅलसजवळच्या आर्लिंग्टन शहरात सार्वजनिक स्प्लॅश पॅडवर खेळलेल्या एका बालकाचा या अमीबाने बळी घेतला, आणि त्यानंतरच्या चौकशीत रोज उघडण्यापूर्वी करावयाच्या पाण्याच्या चाचण्यांची नोंद नियमित ठेवली जात नव्हती व काही वेळा चाचण्याच होत नव्हत्या, हे शहराने मान्य केले. केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत तळ्यांत आंघोळ केलेल्या मुलांमध्ये हाच रोग आढळल्याने तो परदेशापुरता आहे असे मानता येणार नाही. जमिनीतून सुटणाऱ्या धारेवर मुलाने वाकून चेहरा धरू नये, त्यावर बसू नये, आणि नाकात पाणी गेल्याची मौज वाटून घेऊ नये, एवढे शिकवणे तीन वर्षांच्या मुलालाही शक्य आहे. याच संदर्भात, परदेशी आलेल्या आजोबांपैकी जे जलनेती करतात त्यांनी नळाचे पाणी थेट नाकात न घेता उकळून गार केलेलेच घ्यावे, कारण नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे या अमीबाची बाधा झाल्याच्या घटना अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत.

स्थळाची निवड करताना नगरपालिकेच्या उद्यान विभागाला फोन करून तीन गोष्टी विचारता येतात: पाणी एकदाच वापरले जाते की फिरवले जाते, फिरवले जात असल्यास अतिनील प्रक्रिया आहे का, आणि आजच्या चाचणीची नोंद कुठे पाहता येईल. नीट चालवलेल्या ठिकाणी हे प्रश्न कोणाला खटकत नाहीत. उत्तर टाळले गेले तर दुसरे पटांगण शोधावे, कारण मोठ्या शहराच्या परिसरात ती अनेक असतात. जलतरणाच्या सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणीपट्ट्या स्वतःजवळ ठेवता येतात. पाण्यात बुडवलेल्या पट्टीच्या रंगावरून मुक्त क्लोरीन दहा लाख भागांत किमान एक भाग आणि सामू, म्हणजे पाण्याची आम्लता वा अल्कता दाखवणारा अंक, ७ ते ७.८ च्या दरम्यान आहे का हे मिनिटभरात कळते. क्लोरीनचा उग्र वास म्हणजे स्वच्छता, हा समज उलटा आहे, कारण तो वास प्रामुख्याने क्लोरीनचा घाम व लघवीशी संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइन या संयुगांचा असतो. आणि पट्टीचा रंग बरोबर आला तरी क्रिप्टोस्पोरिडियम नाही असे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणूनच फवाऱ्याचे पाणी मुलाने तोंडात घेऊ नये, हा नियम कधीही सैल करू नये. वेळ सकाळी दहाच्या आतली बरी. फवाऱ्यांच्या कक्षेबाहेरची कोरडी फरशी, रबरी आच्छादन आणि धातूची घसरगुंडी दुपारी कोवळे तळपाय भाजण्याइतकी तापते, आणि ओल्या अंगाला ऊन जाणवत नसल्याने मूल तहान लागल्याचे सांगत नाही, म्हणून पिण्याचे पाणी घरून न्यावे आणि मागण्यापूर्वी द्यावे.

महाराष्ट्रात सार्वजनिक उद्यानांतील स्प्लॅश पॅड अजून दुर्मीळ असले तरी जलोद्याने, रिसॉर्ट आणि गृहसंकुलांच्या उन्हाळी कार्यक्रमांत लावलेले फवारे वाढत आहेत, आणि टँकरने आणलेले पाणी टाकीत साठवून तेच दिवसभर फिरवले जात असेल तर वरचे सारे प्रश्न तिथेही तसेच्या तसे विचारावे लागतात. ज्या घरी सज्जा किंवा अंगण आहे तिथे स्वतःच्या एक-दोन मुलांसाठी प्लास्टिकचा उथळ टब हा जुना उपाय अजूनही उत्तम आहे, मात्र वीतभर पाण्यातही लहान मूल आवाज न करता बुडू शकते, म्हणून मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर बसावे, फोन आला तरी उठू नये, आणि खेळ संपताच ते पाणी झाडांच्या आळ्यांत ओतून टब पालथा घालावा, म्हणजे रात्रभरात त्यात डासही अंडी घालणार नाहीत.