घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स: डिस्क कशी विभागावी, कशी विभागू नये

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नियमित सुरक्षा अपडेट थांबले. टीपीएम २.० नसलेल्या किंवा इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. दादरा, आमळी, नरोलीतल्या कितीतरी घरांत असेच जुने, पण धडधाकट कॉम्प्युटर आहेत. त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकणे हा चांगला निर्णय आहे. मात्र इन्स्टॉल करताना घाईत केलेली पार्टिशनची मांडणी पुढे कित्येक वर्षे निस्तरावी लागते.

काय करावे

• सगळ्यात आधी घरातले फोटो, दाखले आणि हिशेब बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावेत. त्यातल्या चार-पाच फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहाव्यात. सी ड्राइव्हमधून डी ड्राइव्हमध्ये केलेल्या कॉपीला बॅकअप म्हणू नये. डिस्क एकच असते, आणि पार्टिशन टेबल बिघडले तर दोन्ही ड्राइव्ह एकदम जातात.

• विंडोज ठेवायचे की काढायचे, हे घरात बसून ठरवावे. टॅलीवर कोणी छोट्या धंद्याचा हिशेब ठेवत असेल, किंवा श्रीलिपीत टाइप केलेली जुनी मराठी कागदपत्रे लागत असतील, तर विंडोज ठेवावे. नुसते ब्राउझर, सिनेमे आणि मुलांचे प्रोजेक्ट असतील तर काढून टाकावे. युनिकोड मराठी आणि गुजराती टायपिंगची सोय लिनक्समध्ये मुळातच असते.

• डेस्कटॉप असेल तर वापीहून २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी आणून लिनक्स तिच्यावर टाकावे, हे माझे ठाम मत आहे. इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी. म्हणजे चुकीच्या डिस्कवर हात पडण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि विंडोज जसेच्या तसे राहते. शिवाय जुन्या मशीनला जो वेग येतो, तो दुसऱ्या कुठल्याच खर्चाने येत नाही.

• एकच डिस्क असेल तर विंडोजचे पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करावे. जागा भरपूर मोकळी असूनही ते कमीच जागा सोडते, असा अनुभव येतो. हायबरनेशनची फाइल, पेज फाइल आणि रिस्टोअर पॉइंट मध्येच ठाण मांडून बसलेले असतात. त्या सोयी तात्पुरत्या बंद करून पुन्हा प्रयत्न करावा.

• आकड्यांचा आराखडा कागदावर मांडावा. ५०० जीबीची डिस्क विंडोजला ४६५ जीबीच दिसते, कारण विंडोज १०२४च्या पटीत मोजते आणि कंपनी १०००च्या. लिनक्स एकटेच राहणार असेल तर ईएफआयला (सिस्टिम सुरू करणाऱ्या फायलींच्या पार्टिशनला) १ जीबीपर्यंत, रूटला (खुद्द सिस्टिमच्या पार्टिशनला) ६० जीबी आणि उरलेली सगळी जागा होमला (घरातल्यांच्या फायलींच्या पार्टिशनला) द्यावी. विंडोज सोबत राहणार असेल तर त्याला १२० जीबी पुरतात. टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमच्या आधीच्या स्थितीच्या प्रती, रूटवरच ठेवायचे असतील तर रूटला १०० जीबी द्यावेत.

• होम वेगळे ठेवावे, आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीचा आहे. उद्या मिंट बदलून डेबियन टाकायचे झाले, किंवा सिस्टिम कोसळली, तर फक्त रूट फॉरमॅट करायचे. होमला फॉरमॅटची खूण न करता तेच नाव द्यायचे आणि यूजरनेमही तेच ठेवायचे. घरातल्या फायली जागच्या जागी मिळतात.

• स्वॅपसाठी वेगळे पार्टिशन लागतेच असे नाही. आता स्वॅप फाइल पुरते. हायबरनेट वापरायचे असेल तर मात्र स्वॅप किमान रॅमएवढा हवा.

• विंडोज आणि लिनक्स दोघांना लागणाऱ्या फायलींसाठी एनटीएफएसचे एक पार्टिशन राखावे. लिनक्स एनटीएफएस वाचते आणि लिहितेही. विंडोजला ईएक्सटी४ मात्र आपणहून वाचता येत नाही.

काय टाळावे

• सी, डी, ई, एफ अशी डिस्कची तुकडेतोड. विंडोजच्या काळात दुकानदाराने लावलेली ही सवय लिनक्समध्ये आणू नये. एका तुकड्यात ८० जीबी रिकामे आणि दुसरा तुडुंब, अशी अवस्था होते.

• वडिलांचे एक पार्टिशन, मुलीचे एक, धाकट्याचे एक, असली वाटणी. प्रत्येकाचे वेगळे यूजर अकाउंट करावे. फायली आपोआप वेगळ्या राहतात आणि मोकळी जागा सगळ्यांना सामाईक मिळते.

• बिटलॉकर चालू असताना डिस्कला हात लावणे. आधी ते बंद करून डिस्क पूर्ण डीक्रिप्ट होऊ द्यावी. निदान ४८ आकडी रिकव्हरी की तरी कागदावर उतरवावी. नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन न सांगताच चालू झालेले असू शकते, म्हणून तपासणे आवश्यकच.

• फास्ट स्टार्टअप तसेच ठेवणे. त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि लिनक्समधून ते पार्टिशन फक्त वाचता येते किंवा उघडतच नाही.

• विंडोजसोबत इन्स्टॉल करताना ईएफआय पार्टिशन फॉरमॅट करणे. ते शंभरेक एमबीचे आणि बिनकामाचे दिसते, पण विंडोज सुरू करणाऱ्या फायली त्यातच असतात.

• एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबणे. पेन ड्राइव्ह लावला की क्रम बदलू शकतो. डिस्क तिच्या आकारावरून आणि मॉडेलवरून ओळखावी.

• गडगडाट चालू असताना पार्टिशन हलवणे. पार्टिशनचे शेवटचे टोक आत घेणे हे सहसा लवकर होते. सुरुवातीचे टोक सरकवायचे म्हटले की सगळा डेटा उचलून दुसरीकडे लिहावा लागतो, आणि मोठ्या हार्ड डिस्कवर त्याला तासन्‌तास जातात. मध्येच वीज गेली तर अर्धे जुन्या जागी, अर्धे नव्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर यूपीएसशिवाय हे काम काढूच नये. लॅपटॉपलाही चार्जर लावून ठेवावा.

• विंडोज ७च्या काळातल्या मशीनवर न पाहता नवे पार्टिशन करणे. जुन्या एमबीआर पद्धतीत प्रायमरी पार्टिशन चारच बसतात, आणि कंपनीने कधी कधी चारही वापरलेली असतात. डिस्क रिकामीच करायची असेल आणि मशीन यूईएफआयवर चालत असेल, तर सरळ नवी जीपीटी पद्धत घ्यावी.

• इन्स्टॉलरला डिस्क दिसली नाही म्हणून ती खराब ठरवणे. पुष्कळ इंटेल लॅपटॉपमध्ये बायोसची सेटिंग आरएसटीवर असते. ती एएचसीआयवर न्यावी लागते. विंडोज ठेवायचे असेल तर आधी ते सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सोय करून मगच सेटिंग बदलावी, नाहीतर विंडोज सुरूच होणार नाही.

• १ टीबीच्या डेटा पार्टिशनवर ईएक्सटी४ची राखीव जागा तशीच ठेवणे. ५ टक्के म्हणजे तब्बल ५० जीबी सिस्टिमसाठी अडून राहतात. रूटवर ही राखीव जागा हवीच. नुसत्या फोटो-व्हिडिओंच्या पार्टिशनवर ती ट्यूनटूएफएस कमांडने १ टक्क्यावर आणावी.